सात पाण्यांचं तिखूर

मनकर्णा बाजेवर बसली ती बसलीच. सकाळची पेज तिने तिथेच घेतली, आपलं भांडं आपण घासून उपडं घातलं आणि पुन्हा येऊन बसली. हाताची घडी, पाय वर, नजर अंगणात. विहिरीवर जाताना सोमाजीने तिला पाहिलं, विहिरीवरून येताना पाहिलं, बैलांना तणस टाकून आला तेव्हाही पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"बोलतच नाई का व तू?"

मनकर्णाने पदर सारखा केला.

"मोठा भाऊ हाय मी तुझा. बाजेसंग बोलून राह्यलो का मी?"

"राहू द्या नं," त्याची बायको रुखमाबाई चुलीजवळून म्हणाली. "नाई बोलत तं नाई बोलत. तेवढीच घराले शांतता."

शांतता कसली! बोलणाऱ्या बहिणीपेक्षा ही गप्प बहीण सोमाजीला जास्त ऐकू येत होती.

झालं होतं ते आदल्या दिवशी संध्याकाळी, जेवताना. बाप गेल्यापासून घरातले सगळे निर्णय जेवतानाच सांगायची सोमाजीची पद्धत होती. तोंडात घास असला की समोरचा माणूस उलट बोलत नाही, असा त्याचा अनुभव. भाताचा पहिला घास घेऊन तो म्हणाला होता, "मोहाखालची पट्टी यंदा फोडतो. नहराचं पानी आता तिथवर येते. पानी भरून धानाची बांधी होईल मस्त. त्यातलं अर्धं धान मुखरूच्या घरी जाईल."

मुखरू, धाकटा भाऊ, बल्लारपूरच्या कागदाच्या गिरणीत होता. दोन दिवसांपूर्वीच तो बायको सोनीबाई आणि सात महिन्यांचं पोर घेऊन मूल स्टेशनापर्यंत गाडीने आणि पुढे छकड्यात बसून गावी आला होता. मनकर्णाने सोमाजीकडे नाही, मुखरूकडे पाहिलं. दिवाळीत हाच मुखरू तिखुराच्या, त्या पट्टीतल्या कंदाच्या पांढऱ्या पिठाच्या, वड्या खाताना म्हणाला होता, "बाई, त्या जागेले कोनी हात लावला तं मले सांग." आता तो ताटातल्या वरणात रस्ता करत होता.

"भाऊ म्हन्ते ते बरोबरच हाय," तो म्हणाला.

"अन् तिखुराचं काय?" मनकर्णाने विचारलं.

"तिखुराचं काय म्हन्जे?" सोमाजी म्हणाला. "ते तं आपोआप येते. गवत हाय ते. लाव बांधीच्या कडेले."

"कडेले पानी साचते. सडते ते, भाऊ."

"मंग सडू दे बापा! धान खाऊन मानूस जगते, तिखूर खाऊन नाई."

मनकर्णाने ताटात हात धुतला. "आपोआप येते नं? मंग आपोआप खना, आपोआप घासा, आपोआप धुऊन घ्या. मी एक शब्द बोलत नाई आता."

आणि तेव्हापासून तिने तोंड शिवून घेतलं.

एरवी सोमाजीने तिला खुशाल पंधरा दिवस गप्प बसू दिलं असतं. पण सोनीबाईचं पोर हगवणीने सुकलं होतं. आईचं दूध आटलेलं, गाईचं दूध पोटात ठरत नव्हतं. मूलच्या वैद्याने तिखुराची पातळ पेज सांगितली होती. आणि घरातला तिखुराचा डबा दिवाळी सरता सरताच रिकामा झाला होता, कारण गावातली प्रत्येक बाळंतीण, प्रत्येक तापकरी त्याच डब्यातून वाटीभर घेऊन गेला होता. नवं तिखूर जमिनीत होतं. ते काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि मुखरूला सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

"चार जनं हाओ आपन," सोमाजीने कमरेला धोतर खोचलं. "एक बाई करते ते चार जनांले नाई जमत का?"

मनकर्णाने फक्त बाज ओढून उन्हात घेतली, म्हणजे अंगण सबंध दिसेल.

*

मोहाखालची पट्टी म्हणजे घरामागे दोन मोहांच्या सावलीतला उताराचा तुकडा. नवऱ्याने दुसरी बायको आणली, म्हणून मनकर्णा वैनगंगेपलीकडून एक पेटी घेऊन माहेरी परतली, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हा त्या तुकड्यात दगड आणि तरोट्याचं तण यांशिवाय काही नव्हतं. त्याच वर्षी मोह वेचताना तिची बुधरीशी ओळख झाली. बुधरी पलीकडच्या जंगलातल्या गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, माहेर तिचं धानोऱ्याकडचं. तिने तिखूर दाखवलं, एक टोपलं बेणं दिलं आणि सांगितलं की सावली दे, पाणी साचू देऊ नको, आणि घाई करू नको. पहिल्या दोन वर्षांत पसाभरसुद्धा पीठ निघालं नाही. तिसऱ्या वर्षी मिरगाच्या तोंडावर, पानं यायच्याही आधी, जमिनीतून गुलाबी तुरे वर आले आणि पट्टीभर उभे राहिले. पाहायला शेजारच्या बाया आल्या. तेव्हापासून गावात "मनकर्णाचं तिखूर" हा शब्द रूढ झाला.

हा शब्द रुखमाबाईला तेव्हापासून टोचत होता.

ती या घरात एकवीस वर्षांपूर्वी आली. धान रोवलं, कापलं, कांडलं, सासू-सासरे दोघांचं दुखणं काढलं. पण दाराशी येणारी बाई विचारायची ती, "मनकर्णाबाई हाय का?" रुखमाबाईकडे कधी कोणी काही मागायला आलं नव्हतं. भात तर सगळ्यांच्याच घरी होता. काल नवऱ्याने पट्टी फोडायचं म्हटलं तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं तिला स्वतःलाही आवडलं नव्हतं, पण वाटलं होतं खरं.

दुपारपर्यंत भावांनी पट्टी खणली. खणली म्हणजे काय, सोमाजीने धानाची धसकटं उपटावीत तसे कुदळीचे घाव घातले आणि निम्मे गड्डे दोन तुकडे होऊन वर आले. पानं कार्तिकातच वाळून गेली होती, त्यामुळे कुठे काय आहे ते कळेना, म्हणून त्याने एक कोपरा न सोडता सगळंच उलथून काढलं. तीन टोपली भरली. विहिरीवर धुऊन आणली. मग अंगणात खरबरीत दगड मांडला आणि रुखमाबाई आणि सोनीबाई समोरासमोर बसल्या.

"याले सोलायचं असते का, मोठीबाई?" सोनीबाईने विचारलं.

"घास तसंच."

"कडू लागन."

"मंग सोल."

"मनकर्णाबाईले विचारू का?"

"विचार नं. बाज उत्तर देईल तुले."

गड्डा दगडावर घासायचा, म्हणजे बोटंही थोडी घासायची. दहाव्या गड्ड्याला रुखमाबाईच्या दोन बोटांची सालं निघाली. टोपल्यात दोन जातीचे गड्डे होते. बारीक, पाणीदार, पांढऱ्या पोटाचे, त्यांच्यात पीठ. आणि मधले जाड, गाठाळ, डोळे फुगलेले. ते बेणं. दर वर्षी मनकर्णा ते वेगळे काढायची, राखेत घोळून सावलीत खड्डा करून ठेवायची. सोनीबाईला हे माहीत नव्हतं. सोमाजीने नऊ वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. रुखमाबाईने दर वर्षी दारातून पाहिलं होतं.

तिने पहिला डोळेवाला गड्डा उचलला, क्षणभर हातात धरला आणि दगडावर घासला. मग दुसरा. मग ती निवडून निवडून तेच उचलू लागली. बेणंच नाही उरलं तर भांडण तरी कशाचं उरणार? कटकट कायमची मिटेल, असं तिने स्वतःला सांगितलं. एकदा तिने मान वर केली तर मनकर्णा सरळ तिच्या हाताकडे पाहत होती. रुखमाबाईला वाटलं, आता ओरडेल. तिच्या ओरडण्याची ती वाटही पाहत होती, म्हणजे आपल्यालाही तोंडभरून बोलता येईल. मनकर्णाने ओठ आवळले आणि नजर दुसरीकडे नेली. मग रुखमाबाईचा हात जरा थांबला, पण टोपल्यात तसे दोनच गड्डे उरले होते, आणि तेही तिने घासून टाकले.

जुन्या धोतरातून लगदा गाळला. खाली गंजात, मोठ्या पातेल्यात, पिवळट पाणी उतरलं. सोमाजी शेजारी उभा राहून देखरेख करत होता, म्हणजे मधेमधे येत होता.

"झालं का?"

"बसू द्या नं खाली," रुखमाबाई म्हणाली.

"किती वेळ?"

"मले काय माहीत? मी काय तिखुराच्या पोटात बसलो का?"

घटकाभराने त्याच्याच्याने राहवेना. "आता वतून दे वरचं पानी." रुखमाबाईने गंज कलंडला. वरचं पिवळं पाणी गेलं, त्यामागोमाग दुधासारखा पांढरा ओघळ अंगणभर पसरला. कोंबड्या धावल्या.

"अवो, अवो, थांब! पांढरं चाललं सारं!"

"तुम्हीच म्हनलं वता!"

"पानी वत म्हनलं मी, पीठ वत म्हनलं का?"

बाजेवर मनकर्णाने डोळे मिटून घेतले. तिला हसू आलं होतं की रडू, ते अंगणातल्या कोणालाच कळलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चार पाणी बदलून झाली होती आणि मुखरूचा जीव मेटाकुटीला आला होता. पाणी ओढायचं, ओतायचं, ढवळायचं, मग बसून राहायचं. बोट बुडवून चाटलं की कडूच. पोर आत किरकिरत होतं. सोनीबाई दर थोड्या वेळाने बाहेर येऊन "झालं का?" असं तोंडाने न विचारता नुसती उभी राहायची, आणि ते जास्तच झोंबायचं.

मुखरूला या सगळ्यांचाच वैताग आला होता. भावाचा, कारण तो एक काम स्वतः धड न करता तीन जणांना शिकवत होता. वहिनीचा, कारण ती कालपासून उगाच चिडलेली होती. मनकर्णाचा सर्वात जास्त. ती काही बोलत नव्हती आणि तरी दिवाळीतलं त्याचं वाक्य त्याला दिवसभर ऐकू येत होतं. बाई, त्या जागेले कोनी हात लावला तं. अर्ध्या बांधीच्या धानावर आपण इतक्या सहज फिरलो याची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की तो मोठ्याने बोलायचा.

"आमच्या इथी बांबूचा लगदा धुतात," तो म्हणाला. "हौदच्या हौद. असं वाडग्यानं नाई. तुरटी टाकतात. सारं कसं खाली बसते."

"मंग टाक नं," सोमाजी म्हणाला. "कोनाची वाट पाहून राह्यला?"

दाढीसाठी आणलेला तुरटीचा खडा मुखरूच्या पिशवीत होताच. त्याने तो दगडावर कुटला आणि मूठभर चुरा गंजात ढवळला. जादू झाली. गढूळ पाणी बघता बघता निवळलं, पार तळ दिसू लागला, आणि तळाशी पांढराशुभ्र थर. मुखरूने पाणी ओतलं, एक थेंब पांढरं गेलं नाही.

"पाह्य!" सोमाजी बाजेकडे वळला. "पाह्य, एका पान्यात झालं! अन् तू नऊ वर्षं सात सात पानी बदलत बसली!"

सोनीबाई वाटी घेऊन धावत आली. मूठभर ओला गोळा घेऊन चुलीवर पाण्यात शिजवायला लागली. पेज चटकन आळली. तिने चमचाभर काढून फुंकर घातली आणि पोराला मांडीवर घेतलं.

मनकर्णाने ते सगळं पाहिलं होतं. निवळलेलं पाणी पाहिलं होतं, मुखरूच्या हातावरचा पांढरा चुराही. कालपासून ती बरंच गिळून बसली होती. कुदळीने तुटलेले गड्डे, कोंबड्यांनी खाल्लेलं पीठ, आणि रुखमावहिनीने एकेक करून वेचून घासलेलं बेणं. नऊ वर्षांत या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं. साडी वहिनीच्या हाताने यायची, पायलीभर धान भावाच्या हाताने, बाजसुद्धा आईची होती. ओरडावं असं वाटलं होतं, पण ओरडून मिळवायचं तर ते नकोच, असा हट्ट तिने धरला. घासा, सगळं घासा, एकदाचं संपू दे माझं, असं ती मनात म्हणाली होती.

पण आता समोर पोराच्या तोंडाशी चमचा होता.

"सोनी, थांब!"

दीड दिवसाने आवाज आला म्हणून सगळे दचकले. मनकर्णा बाजेवरून उतरून चुलीजवळ गेली, सोनीबाईच्या हातातून चमचा घेतला आणि स्वतःच्या जिभेवर ठेवला. तिचं तोंड आवळून आलं.

"मुखरू, ये इकडं. खा हे."

"काऊन? चांगलं तं झालं."

"खा म्हन्तो नं मी."

मुखरूने खाल्लं. त्याचा चेहरा आंबट चिंच खाल्ल्यासारखा झाला.

"तुरटी," मनकर्णा म्हणाली. "हगवन लागलेल्या पोराच्या पोटात तुरटी घालून राह्यले तुम्ही."

सोनीबाई पोराला छातीशी धरून उठली. आजवर या घरात तिला मोठ्याने बोललेलं कोणी ऐकलं नव्हतं. "पोरावर कारखाना चालवता का जी तुम्ही?" ती नवऱ्यावर कडाडली. "हे लेकरू हाय का बांबू हाय? अन् भासऱ्यांनी म्हनलं टाक की हे टाकून मोकळे! ज्या बाईले येते ती इथी बसली होती नं, का मेली होती? जागा घ्यायची तं घ्या, पन तिले दोन शब्द विचारले असते तं तुमची जीभ झडली असती का?"

भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, भावसून असं बोलली म्हणून सोमाजीला राग यायला हवा होता. त्याऐवजी त्याने पायाखालची माती पाहिली.

"जाईल का गं तुरटी, बाई?" मुखरूने हळूच विचारलं.

"जाईल. पहिल्यापासून सात पानी. आता बोलू नोका कोनी. वहिनी, थंडं पानी आना, विहिरीचं ताजं. ढवळायचं, झाकायचं अन् सरकून बसायचं. तीन घटका गंजाजवळ जायचं नाई. भाऊ, तुम्ही तं अंगनातच येऊ नोका."

रुखमाबाईने पाणी आणलं. प्रत्येक खेपेला मनकर्णा गंज असा कलंडवायची की वरचं पाणी एका धारेत जाई आणि पांढरं जागचं हलत नसे. पौषातल्या पाण्याने दोघींचे हात कोपरापर्यंत लाल झाले. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या पाण्याला रुखमाबाईने धार कशी धरायची ते नुसतं पाहून उचललं. चौथं पाणी तिने स्वतः ओतलं, आणि पांढरं गेलं नाही. मनकर्णा म्हणाली, "असंच." एवढ्या एका शब्दाने रुखमाबाईला स्वतःचा भयंकर राग आला.

सातवं पाणी तिसऱ्या दिवशी सकाळी निघालं. मनकर्णाने चाखलं, रुखमाबाईने चाखलं, मुखरूला दोनदा चाखायला लावलं. मग पेज झाली. पोराने पाच चमचे घेतले आणि दुपारपर्यंत पोटात ठेवले. सोनीबाई भिंतीला टेकून तशीच झोपी गेली.

*

तीन टोपल्यांतून निघालं ते एक परात आणि वर चार मुठी. सुपावर वाळत घातलेल्या त्या पांढऱ्या वड्यांकडे सोमाजी बराच वेळ पाहत उभा होता. दर वर्षी मनकर्णा बुधरीला हाताशी घेऊन याच्या दुप्पट काढायची, तेही धानाची कापणी आटोपून, रोजची भाकरी थापून. त्याची पाठ कुदळीने धरली होती आणि मन त्याहून जास्त अवघडलं होतं.

"घे बापा," तो म्हणाला, जणू कोणी त्याच्या छातीवर बसून वदवून घेत होतं. "ठेव तुझी पट्टी. नाई फोडत मी. मुखरू, तुले धान मी आपल्या वाट्यातून देईन."

"नोको मले," मुखरू पुटपुटला.

मनकर्णा काही बोलणार तेवढ्यात कुडाचं फाटक वाजलं. डोक्यावर टोपलं घेऊन बुधरी आली होती. दर पौषात ती खणायच्या वेळी यायची, हाताखाली काम करायची आणि तिखुराचा आपला वाटा घेऊन जायची. यंदा घाईत तिला निरोपच गेला नव्हता. तिने वाळत घातलेलं पाहिलं, सालांचा ढीग पायाने चाळवला, खड्ड्याच्या जागेवर जाऊन आली.

"मनकर्णाबाई, बेनं कुठी ठेवलं यंदा?"

"कसलं बेनं?" सोमाजीने विचारलं.

"डोळेवाले गड्डे, भाऊ. तेच तं परत लावायचे. ते नाई ठेवले तं मिरगात काय येईल? दगड?" आणि ती हसली, कारण तिला ती थट्टाच वाटत होती.

सोमाजीने सालांकडे पाहिलं, मग उलथलेल्या पट्टीकडे. "म्हन्जे आम्ही... सारंच घासलं का?"

"तुम्ही नाई," रुखमाबाई म्हणाली. ती ओल्या हातांनी उभी होती आणि हात कुठे ठेवावे ते तिला कळत नव्हतं. "सोनीले माहीत नव्हतं. तुम्हाले बी माहीत नव्हतं. मले माहीत होतं. मी वेचून वेचून घासले."

"काऊन व?"

"काऊन म्हन्जे? मले वाटलं, मिटते कटकट." मग तिचा आवाज फुटला. "साऱ्या गावाले मनकर्णा पाहिजे. मी काय या घरात फक्त भातच शिजवतो का? म्हनून घासले. खोटं काऊन बोलू?"

"मले माहीत हाय, वहिनी," मनकर्णा म्हणाली. "पाहिलं मी."

"पाहिलं अन् बोलली नाई?" सोमाजी गरजला. "एकीनं मुद्दाम घासलं, दुसरीनं मुद्दाम पाहिलं! हा पोरावर तुरटी पेरते! या घरात एक तरी धड डोक्याचा मानूस हाय का बापा?"

"तुम्ही हाओ नं," रुखमाबाई डोळे पुसत म्हणाली. "तुम्हीच म्हनलं, गवत हाय ते."

बुधरीने टोपलं खाली ठेवलं. जंगलात आता जाऊन उपयोग नाही, तिने सांगितलं. तिच्या टोल्यावरच्या लोकांचं खणून झालं होतं आणि जमिनीत राहिलेलं कुठे आहे ते पानांशिवाय दिसायचं नाही. "मिरगाच्या आधी गुलाबी तुरे निघन, तवा ठिकाण समजन. तवा ये, बाई. दोघी मिळून खनू." तिचा वाटा मनकर्णाने मोजून नाही, ओंजळ भरभरून दिला, आणि ती गेली.

सोमाजीच्या मनातला शेतकरी तेवढ्या वेळात जागा झाला होता. तिखूर गेलं, ते काही त्याने मुद्दाम घालवलं नव्हतं. जागा रिकामी होती, नहर भरलेला होता, आणि रिकामी जागा पाहून त्याला झोप यायची नाही. त्याने दिलेला शब्द तिखुरासाठी होता. तिखूरच नसेल तर शब्द कोणाला लागू?

"मंग आता," तो जपून म्हणाला, "तिथी काईच नाई म्हन्जे—"

मनकर्णा ऐकायला थांबली नव्हती. ती केव्हाच मागच्या दाराने गेली होती.

*

सोमवारी पहाटेच्या छकड्याने मुखरूचं बिऱ्हाड मूलकडे गेलं. सोनीबाईच्या मांडीवर पोर होतं आणि कापडात बांधलेलं निम्मं तिखूर. मुखरूने निघताना मनकर्णाच्या पाया पडून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तुरटी दाढीलेच लाव आता," आणि त्याला तेवढं पुरलं.

ऊन वर आल्यावर सोमाजी फावडं घेऊन पट्टीकडे गेला. बांध कुठून घालायचा हे पावलांनी मोजून ठेवू, एवढंच त्याने मनाशी ठरवलं होतं. त्यात कोणाचं काही जात नव्हतं.

मोहाखाली मनकर्णा होती. त्यांनी कुदळीने उलथून टाकलेली ढेकळं ती हाताने फोडत होती, दगड वेचून बाजूला करत होती. आणि डोक्यावर सागाच्या वाळल्या पानांचं टोपलं घेऊन रुखमाबाई उतारावरून येत होती.

"तू इथी काय करून राह्यली?" त्याने बायकोला विचारलं.

"दिसत नाई का? पाला टाकून राह्यलो. जमीन उघडी राह्यली तं तापते म्हन्ते मनकर्णा." तिने टोपलं रिकामं केलं आणि दुसऱ्या खेपेला निघून गेली. सकाळपासून चूल पेटली नसावी असं सोमाजीच्या लक्षात आलं.

तो फावड्यावर रेलला. त्याला खरंच काही कळत नव्हतं, आणि न कळलं की त्याचा आवाज चढायचा.

"मनकर्णा, मी काई तुह्या वाईटावर नाई. पन डोकं लाव जरा. बेनं गेलं. जंगलातून मिळालं तं मिरगात मिळन, अन् मिळालं तरी दोन वर्षं पीठ निघायचं नाई, हे तूच सांगते. तोवर ही जमीन नुसती राखत बसायची का? हे ढेकळं फोडून, पाला टाकून? काय हाय आता या जागेत, सांग नं मले. काय हाय इथी?"

मनकर्णाने हातातलं ढेकूळ फोडलं. मग कपाळावरचे केस मनगटाने मागे सारून तिने वर पाहिलं.

"मी हाय नं, भाऊ."

नहराचं पाणी, बांधीचं धान, मुखरूचा वाटा, बरंच काही सोमाजीच्या जिभेवर होतं, पण त्यातलं एकही या उत्तरापुढे ठेवता येईना. नऊ वर्षांत आपण हिला हे विचारलंच नव्हतं, आणि आज विचारलं तेही असं ओरडून, हे त्याला फार उशिरा आणि फार जोरात लागलं. तो पट्टीच्या कडेच्या धुऱ्यावर बसला. वरून रुखमाबाई पाल्याचं दुसरं टोपलं घेऊन येत होती, तिला वाट द्यायला त्याने पाय आवरून घेतले.

पाला टाकून ती गेल्यावर तो उठला आणि नहराच्या बाजूने पट्टीची कड पावलांनी मोजू लागला.

"बांध घालून राह्यले का, भाऊ?" मनकर्णाने हात थांबवून विचारलं.

"नाई," तो तिच्याकडे न पाहता चिडूनच म्हणाला. "काटे किती लागतील पाहून राह्यलो. कुंपन घालून देतो. ढोरं शिरतात इथी."